घरी विमान बांधता येतं का? किट, कांदिवलीची गच्ची आणि उडण्याची परवानगी

श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलं की राजपुरीच्या खाडीत मच्छीमारांच्या होड्या दिसतात. कोकणात लाकडी होडी बांधायला मोठा कारखाना लागत नव्हता. खाडीच्या काठावर मोकळी जागा, सागाच्या फळ्या आणि हात बसलेला सुतार एवढ्यावर होडी उभी राहायची. कागदावर नकाशा असेलच असंही नाही. पाण्यात सोडल्यावर गळली तर पुन्हा किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करायची.

विमानाचं मात्र असं जमत नाही. तरीही दर काही महिन्यांनी मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरतो: कुणी गॅरेजमध्ये विमान बांधलं, कुणी गच्चीवर बांधलं, कुणी भंगारातून हेलिकॉप्टर उभं केलं. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘परदेशात असता तर डोक्यावर घेतलं असतं’ आणि ‘आपल्याकडे सरकार परवानगी देत नाही’. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण पूर्ण गोष्ट वेगळी आहे. मुळात हे तिन्ही व्हिडिओ तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कामांचे असतात. ते एकाच मापाने मोजले की सगळा गोंधळ सुरू होतो.

किट म्हणजे नेमकं काय?

विमानाचं किट म्हणजे सुट्या भागांच्या लाकडी पेट्या आणि जाडजूड सूचना-पुस्तिका. विमानाचा आराखडा कंपनीच्या अभियंत्यांनी केलेला असतो, कंपनीने त्याच नमुन्याची विमानं आधी उडवून पाहिलेली असतात, आणि पत्रे कापून, वाकवून, बहुतेक भोकं पाडून ग्राहकाकडे येतात. जोडणी ग्राहकाने करायची.

सगळं एकदम घ्यावं लागत नाही. बहुतेक जण आधी फक्त शेपटीचं किट मागवतात. ते तुलनेने स्वस्त असतं आणि काम जमतंय का, हे त्यात कळतं. मग पंख, मग मधलं धड, शेवटी इंजिन, प्रोपेलर आणि कॉकपिटमधली उपकरणं. शेपूट पूर्ण करून थांबलेले लोकही पुष्कळ असतात. जुन्या बाजारात अर्धवट किटं नेहमीच विकायला असतात, ती याच लोकांची.

जगात या छंदाचं सर्वांत मोठं केंद्र अमेरिका. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना सुरू केली. तिचा वार्षिक मेळा आज ऑशकॉश या गावात भरतो आणि हजारो विमानं तिथे स्वतः उडत येतात. रिचर्ड व्हॅनग्रन्स्व्हेन यांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही ओरेगॉनची कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी मानली जाते. तिच्या ‘आरव्ही’ मालिकेतली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत, आणि त्यातली बहुतांश लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये जोडलेली आहेत.

अमेरिकेचा नियम इथे महत्त्वाचा आहे. हौशी माणसाने बांधलेलं विमान म्हणून नोंदणी हवी असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं लागतं. याला ‘५१ टक्के नियम’ म्हणतात. पैसे देऊन सगळं दुसऱ्याकडून जोडून घेतलं तर या सवलतीत बसत नाही. म्हणून किट बनवणाऱ्या कंपन्याही कारखान्यात किती काम करून द्यायचं, याचा हिशोब या नियमात बसवूनच ठेवतात.

गॅरेजमध्ये प्रत्यक्षात काय चालतं?

बहुतेक किटं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची असतात. काही फायबरची असतात, काही नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली. पत्र्याच्या विमानात कामाचा मोठा भाग रिवेट मारण्यात जातो. एका विमानात हजारो रिवेट लागतात.

एक रिवेट मारायचा म्हणजे काय? आधी भोक अंतिम मापाला मोठं करायचं. मग त्याच्या कडेची करवतासारखी धार काढायची, कारण तीच पुढे तडा जाण्याची सुरुवात असते. रिवेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती खळगा दाबायचा. पत्रे तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी एकमेकांना धरून ठेवायचे, पुन्हा सुटे करायचे, साफ करून गंजरोधक प्रायमर लावायचा आणि मग शेवटची जोडणी. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवतो. ठोकळा तिरका धरला गेला की रिवेट वाकडा बसतो. मग तो नेमका डोक्याच्या मध्यावर ड्रिल करून काढायचा, भोक मोठं होऊ न देता. कितीतरी घरांत आतून ठोकळा धरणारा हात नवऱ्याचा, बायकोचा किंवा शाळकरी मुलाचा असतो.

पंखात पेट्रोलच्या टाक्या असतात. त्यांचे सांधे चिकट सीलंटने भरावे लागतात. ते हाताला, कपड्याला, दाराच्या कडीला सगळीकडे लागतं. टाकी गळते का, हे पाहण्याची घरगुती पद्धत मजेशीर आहे: टाकीत थोडी हवा भरायची, तोंडाला फुगा लावायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. दुसऱ्या दिवशी फुगा तसाच टम्म असला तर टाकी पास. (तापमान उतरलं तरी फुगा मऊ पडतो, म्हणून पहाटे पाहून घाबरलेले लोकही कमी नाहीत.)

आरव्हीसारखं दोन आसनी विमान पूर्ण करायला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. रोज संध्याकाळी दोन तास काम केलं, एकही दिवस चुकवला नाही, तरी दोन ते तीन वर्षं. नोकरी, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्य धरलं तर पाच-सात वर्षं सहज जातात. या काळात प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदवही ठेवावी लागते. काम स्वतः केलं याचा पुरावा तोच, आणि आतली कुठली जोडणी कशी केली हे दहा वर्षांनी पाहायचं असेल तर तोच एकमेव मार्ग.

शेवटी वजन. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून विमान तोलतात आणि गुरुत्वमध्य काढतात. रंगाचा एक जादा थर, शेपटीकडे ठेवलेली एक जड बॅटरी, यामुळे हा मध्य मागे सरकतो. तो मर्यादेच्या मागे गेला तर विमान हवेत सावरणं अवघड होतं. होडीत माणसं एका बाजूला बसली तर सरकून बसता येतं. इथे तो हिशोब जमिनीवरच पूर्ण करायचा असतो.

कांदिवलीच्या गच्चीवरचं विमान किट होतं का?

नव्हतं. आणि म्हणूनच ती गोष्ट किटपेक्षा कितीतरी अवघड आहे.

कॅप्टन अमोल यादव हे मुंबईचे व्यावसायिक वैमानिक, जेट एअरवेजमध्ये काम केलेले. वैमानिक होण्याचं प्रशिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतलं. तिथे सामान्य माणसं स्वतः बांधलेली विमानं उडवताना त्यांनी पाहिली आणि आपल्याकडे हे व्हावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पहिला प्रयत्न १९९८ मधला, दुसरा २००३ मधला. दोन्ही विमानं उडण्यापर्यंत पोचली नाहीत. तिसऱ्याची सुरुवात २००९ च्या सुमारास, कांदिवलीतल्या चारकोपच्या आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर.

गच्ची का? कारण मुंबईत तेवढी मोकळी जागा दुसरीकडे परवडणारी नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं यंत्र हे सगळं अरुंद जिन्याने वर चढवावं लागलं. आयात केलेलं सुमारे १८० किलोचं इंजिनही तसंच वर गेलं. एकत्र कुटुंब पाठीशी होतं आणि पैसाही मुख्यतः घरच्यांनीच उभा केला. सगळा खर्च काही कोटींत गेला.

या विमानाचा आराखडाच त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. सहा आसनांचं, एका प्रोपेलरचं, ‘टीएसी-००३’ नावाचं. इंजिन आणि उपकरणं बाहेरची, पण पंखाचा आकार, सांगाडा, कुठला भाग किती जाडीचा, हे सगळं गणित इथलं. किट घेणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याच्याआधी शेकडो लोकांनी तेच विमान उडवलेलं असतं. यादव यांच्याआधी कुणीच उडवलेलं नव्हतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला. विमानाचे भाग सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले, प्रदर्शनाच्या जागी नेले आणि पुन्हा जोडले. तिथून ही गोष्ट देशभर पोचली. व्हॉट्सॲपवर आजही फिरणारे फोटो बहुतेक त्याच वेळचे आहेत.

पण प्रदर्शनात उभं असलेलं विमान आणि उडणारं विमान यांच्यामध्ये कागदांचा मोठा ढीग असतो. नोंदणीचा प्रश्न आधीपासून रेंगाळत होता, तो पुढेही काही काळ रेंगाळला. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमानाची प्रायोगिक श्रेणीत नोंदणी केली. क्रमांक मिळाला ‘व्हीटी-एनएमडी’. यातली ‘व्हीटी’ ही भारताची अक्षरं. पुढची तीन यादव यांनी नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमान कारखान्यासाठी राज्य सरकारशी ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाल्याची बातमी आली. आकडा एवढा मोठा होता की लोकांना वाटलं, आता विमानं धडाधड बाहेर पडणार. सामंजस्य करार म्हणजे इरादा. विमानाला तेव्हा उडण्याची परवानगीही मिळालेली नव्हती.

ती मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या होऊन विमान हवेत गेलं. पहिल्या प्रयत्नापासून मोजलं तर बावीस वर्षं.

नोंदणी झाली म्हणजे उडता येतं का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. नोंदणी म्हणजे विमानाचं नाव सरकारी वहीत लागणं, गाडीच्या नंबरप्लेटसारखं. ते हवेत नेण्यास योग्य आहे का, हा वेगळा दाखला. बाजारात विकल्या जाणाऱ्या विमानाच्या नमुन्याला आधी प्रमाणपत्र मिळतं, मग त्या नमुन्याच्या प्रत्येक विमानाला. घरी बांधलेल्या विमानाला असं नमुना-प्रमाणपत्र नसतं. म्हणून त्याला मर्यादित, अटींसह परवानगी दिली जाते. अटी साधारण अशा: ठरलेल्या भागातच उडायचं, वस्तीवरून जायचं नाही, भाडं घेऊन कुणाला बसवायचं नाही.

अमेरिकेत या पहिल्या टप्प्याचे तासही ठरलेले आहेत. प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी असेल तर किमान २५ तास, नसेल तर ४० तास. त्या तासांत हौसेखातर कुणाला फिरवून आणता येत नाही. टप्पा पार पडल्यावरही कॉकपिटमध्ये प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि कारखान्यातल्या विमानाचे सुरक्षा-नियम याला लागू होत नाहीत.

भारतात विमानांचा कायदा १९३४ चा आणि नियम १९३७ चे होते. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. देखरेख डीजीसीएकडेच आहे. याशिवाय आपल्याकडे विमानतळाच्या आसपासची छोटी फेरी सोडली तर उड्डाणाला हवाई संरक्षणाची मंजुरी लागते. वैमानिकाचा परवाना वेगळा: खासगी परवान्यासाठी वय किमान १७ वर्षं, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण. विमान स्वतः बांधलं म्हणून ते उडवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

परदेशातल्या छांदिष्टांना आपल्यापेक्षा सोपं जातं ते केवळ नियम सैल आहेत म्हणून नाही. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या संस्थेचे निरीक्षक बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर येऊन काम पाहतात. पंख बंद करण्याआधी आतलं काम कुणीतरी जाणकाराने पाहिलेलं असतं. अमेरिकेत संघटनेचे अनुभवी सभासद विनामूल्य येऊन चुका दाखवतात. ‘हा रिवेट काढ, पुन्हा मार’ असं सांगणारा शेजारी असतो. कांदिवलीच्या गच्चीवर असा शेजारी नव्हता. सगळं पहिल्यांदाच होत होतं, बांधणाऱ्यासाठीही आणि तपासणाऱ्यांसाठीही.

फुलसावंगीत काय झालं?

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तिथल्या २४ वर्षांच्या एका वेल्डरने दोन वर्षं खपून एक आसनी हेलिकॉप्टर बांधलं. शिक्षण आठवीपर्यंत, माहितीचा मुख्य आधार इंटरनेट, इंजिन मारुती ८०० गाडीचं. १५ ऑगस्टला गावाला उडवून दाखवायचं, असं त्याच्या मनात होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, त्या तारखेच्या काही दिवस आधी, रात्री चाचणी घेताना शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि फुटलेल्या पात्याचा मार त्याच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही. हेलिकॉप्टर तेव्हा जमिनीवरच होतं.

त्याच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. गावातल्या साध्या साधनांवर फिरतं यंत्र उभं करणं सोपं नाही. पण हेलिकॉप्टर हे घरी बांधण्यासाठी विमानाहून अवघड प्रकरण आहे. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या बुंध्यावर काही टनांची ओढ येऊ शकते. पातं किंचित असमतोल असलं तरी कंप वाढत जातो, आणि वेल्डिंगचा सांधा असा कंप फार काळ सोसत नाही. किट विकणाऱ्या कंपन्या पाती स्वतः बनवून, तोलून देतात, ती ग्राहकाला घडवू देत नाहीत, त्याचं कारण हेच. शिवाय पहिल्या चाचण्यांत पंखा फिरत असताना यंत्र जमिनीला जखडून, माणूस लांब आडोशाला ठेवून तास मोजायचे असतात. हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

त्या तरुणाचा व्हिडिओ आजही ‘देशी जुगाड’ म्हणून फिरताना दिसतो. काही वेळा खाली तो गेल्याचा उल्लेखही नसतो.

किट घेतलं की धोका संपतो का?

धोका कमी होतो, संपत नाही. व्हॅन्स कंपनीचंच उदाहरण पाहा. मागणी वाढली म्हणून कंपनीने काही पत्र्यांतली भोकं लेझरने कापायला सुरुवात केली. त्या भोकांभोवती खळगा दाबताना काही ठिकाणी बारीक तडे जाऊ लागले. २०२३ मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. लोकांनी दोन-दोन वर्षं राबून बंद केलेले पंख पुन्हा उघडायचे का, हा प्रश्न उभा राहिला. भाग बदलून देण्याचा खर्च आणि इतर तोटा मिळून कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी-संरक्षण मागितलं. पुढे ती त्यातून बाहेर पडली, पण जुन्या ग्राहकांनाही वाढीव किमतीत नवे करार करावे लागले. पैसे आधी भरलेले आणि माल पेट्यांत यायचा बाकी, अशा माणसासाठी ही साधी गोष्ट नाही.

दुसरा धोका बांधणाऱ्याच्या स्वतःच्या बदलांचा. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझी जातीचं विमान समुद्रात कोसळून गेले. विमान त्यांनी बांधलेलं नव्हतं, जुनं विकत घेतलं होतं. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक मूळ नकाशातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवण्यासाठी मागे वळावं लागायचं. वळताना पाय पॅडलवर दाबला गेला की विमान कलंडायचं. चौकशीत अपघाताचं मुख्य कारण हेच निघालं. बांधणाऱ्याच्या हेतूत खोट नव्हती. पण नकाशात एखादी वस्तू एका जागी का आहे, याला बहुतेक वेळा कारण असतं.

याच लाँग-ईझीचा भारताशीही संबंध आहे. बर्ट रुटान यांच्या या आराखड्याच्या आधारावर बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने ऐंशीच्या दशकात एक प्रायोगिक विमान बांधलं आणि उडवलं. फायबरचं विमान कसं बांधायचं, याचा हात तिथे बसला. त्याच संस्थेचं ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये पहिल्यांदा उडालं. हौशी लोकांच्या गॅरेजसाठी काढलेला नकाशा असा सरकारी प्रयोगशाळेच्याही उपयोगी पडला.

समजा, दिघीत किट आणलं तर?

जागा मिळेल. मुंबईच्या तुलनेत ही मोठीच सोय. दोन मोटारींच्या गॅरेजएवढं छप्पर पुरतं, फक्त पंख वेगळे ठेवायला भिंत हवी. पहिला शत्रू हवा. खाडीकाठची खारी, दमट हवा ॲल्युमिनियमला खाते. पत्र्यावर पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि सर्वांत वाईट म्हणजे ती दोन पत्र्यांच्या मध्ये, न दिसणाऱ्या जागी सुरू होते. अमेरिकेतल्या कोरड्या भागात काही लोक आतल्या भागांना प्रायमर लावत नाहीत, वजन वाचवतात. कोकणात ती चैन करता येणार नाही. प्रत्येक तुकडा साफ करून, रंगवून मगच जोडायचा. पावसाळ्यात फायबर आणि सीलंटचं काम जवळजवळ बंदच, कारण ओलाव्यात रसायनं नीट धरत नाहीत. स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा पत्रा थेट टेकले तर खाऱ्या हवेत तिथून गंज धरतो. हे ट्रॉलरवर काम करणाऱ्या कुठल्याही खलाशाला पुस्तक न वाचता ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न इंधनाचा. लायकमिंगसारख्या पारंपरिक विमान इंजिनांना ‘एव्हगॅस’ हे खास पेट्रोल लागतं. ते भारत आयात करत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं एव्हगॅस बाजारात आणलं. ते पेट्रोल पंपावर मिळत नाही. रोटॅक्स ९१२ सारखी छोटी इंजिनं गाडीच्या पेट्रोलवरही चालतात, पण कंपनीने इथेनॉलची मर्यादा १० टक्के ठेवली आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. म्हणजे मुरूड किंवा श्रीवर्धनच्या पंपावरून कॅन भरून आणून टाकीत ओतणं हा पर्याय नाही.

तिसरा प्रश्न उडायचं कुठून. दिवेआगरची लांब, कडक पुळण पाहून कुणाच्याही मनात येईल, धावपट्टी तर तयारच आहे. पण पुळणीवर माणसं असतात, भरती असते, चाकांनी उडवलेलं खारं पाणी थेट पत्र्याच्या सांध्यांत जातं, आणि परवानगीशिवाय तिथून उडणं बेकायदाच. रायगड जिल्ह्यात विमानतळ आहे, तो नवी मुंबईचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर प्रवासी विमानं सुरू झाली. दोन मोठ्या विमानांच्या मध्ये नव्या, चाचणीही न झालेल्या घरगुती विमानाला तिथे जागा मिळण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. चाचणीला मोकळं आकाश, आजूबाजूला विरळ वस्ती आणि कमी वर्दळ लागते. यादव यांचं विमान मुंबईहून धुळ्याला गेलं ते उगाच नाही. दिघीहूनही पंख काढून, ट्रकवर चढवून असाच घाट ओलांडावा लागेल.

खर्च किती?

मूळच्या केरळच्या एका अभियंत्याने इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत घराच्या आवारातल्या शेडमध्ये स्लिंग या दक्षिण आफ्रिकी कंपनीचं चार आसनी किट जोडलं. सुमारे दीड हजार तास काम, त्या वेळच्या बातम्यांनुसार खर्च जवळपास १ लाख ४० हजार पौंड. विमानाला मुलीचं नाव दिलं आणि २०२२ मध्ये कुटुंबाला घेऊन ते युरोपात फिरले. ही बातमी मराठी समूहांतही ‘भारतीयाने घरी विमान बनवलं’ म्हणून फिरली. बातमी खरी आहे. पण आराखडा स्लिंगचा, इंजिन रोटॅक्सचं, तपासणी लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनची आणि जोडणी त्यांची. कांदिवलीत आराखड्यापासून जोडणीपर्यंत सगळं एकाच गच्चीवर होतं.

भारतात त्याच किटवर वाहतूक, सीमाशुल्क, हत्यारं, हँगरचं भाडं आणि विम्याचा खर्च वाढतो. त्याच पैशात जुनं, प्रमाणित दोन आसनी विमान मिळू शकतं. म्हणून फक्त उडायचं असेल त्याने किटच्या वाटेला न गेलेलं बरं. धुळे, बारामती अशा ठिकाणी प्रशिक्षण संस्था आहेत, तिथे तासाच्या दराने विमान मिळतं. किट हा बांधण्याचा छंद आहे, उडणं त्यातला शेवटचा आणि तुलनेने छोटा भाग.

तरीही कुणाला करायचंच असेल तर कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी उड्डाणाचा परवाना घ्यायचा, कारण वैद्यकीय तपासणीतच अडकलं तर पुढचा खर्च वाचतो. मग कुठलं किट घ्यायचं ते ठरवून, त्याची नोंदणी कोणत्या श्रेणीत होईल आणि बांधकामाच्या कुठल्या टप्प्यावर तपासणीला बोलवायचं, हे डीजीसीएकडून लेखी घ्यायचं. पंख बंद झाल्यावर तपासणी अधिकाऱ्याला आतला रिवेट दाखवायला पत्राच कापावा लागतो. शेपटीच्या किटची ऑर्डर ही त्यानंतरची गोष्ट.